तीन लिटर जादा

पतसंस्थेत एकतीस वर्षे हिशेबाचे काम केले असले, तरी घरातल्या वर्षाचा ताळेबंद मांडण्याची वेळ २०२५च्या डिसेंबरपर्यंत माझ्यावर कधी आली नव्हती. ती आणली माझ्या मुलीने. ती दोन वर्षांपासून जर्मनीत स्टुटगार्टला शिकते आहे, आणि यंदा तिला ना गणपतीला येता आले, ना दिवाळीला. नाताळच्या सुट्टीत फोनवर ती म्हणाली, "आई, वर्षभरात घरात जे काही चांगलं झालं ना, ते सगळं एका वहीत लावून मला पाठव. सुटे फोटो पाठवू नकोस, ते मी बघते आणि विसरते." दोन संध्याकाळचे काम आहे, अशा समजुतीने मी होकार दिला. प्रत्यक्षात मला त्यासाठी तीन आठवडे लागले.

पहिल्या दिवशी माझा, यजमानांचा आणि धाकट्या दिरांचा असे तीन फोन संगणकाला जोडून सगळी छायाचित्रे एका ठिकाणी उतरवली. ती सहा हजार आठशेच्या वर भरली. त्यांतली जवळजवळ दोन हजार शुभ सकाळ, शुभ एकादशी, गॅस सिलिंडरच्या पावत्या आणि यजमानांनी दुकानात उभे राहून "हाच का?" असे विचारण्यासाठी काढलेल्या नळाच्या तोट्या यांची होती. ती काढून टाकल्यावर मी नियम केला की एका प्रसंगाचे एकच छायाचित्र ठेवायचे आणि एकंदर संख्या साठाच्या वर जाऊ द्यायची नाही. हा नियम सर्वांत आधी कास पठाराने अडचणीत आणला. सप्टेंबरमध्ये आम्ही सगळे कासला गेलो होतो, आणि त्या एका दिवसाची दोनशे चौदा छायाचित्रे होती. जांभळा तेरडा, पांढरे गेंद, सीतेची आसवे, आणि प्रत्येकाच्या मागे आमच्यापैकी कोणी तरी डोळे बारीक करून उभे. एकेक पाहत गेले, तेव्हा माझ्या ध्यानात आले की त्या दिवसाचे मला स्वतःला आठवते ते फक्त वाहनतळावरची रांग आणि धाकट्या पुतण्याला लागलेली गाडी. दोनशे चौदांतून मी एक ठेवले, तेही मुलीला तिथली फुले आवडतात म्हणून.

खरा अडथळा पुढे होता. ७ जून ते ५ जुलै या काळात एकही छायाचित्र नव्हते. जूनमध्ये माझा फोन धुण्याच्या बादलीत पडला होता आणि दुरुस्तीवाल्याने तो चालू करून देताना त्या दिवसांतले फोटो पुसून टाकले होते, हे मला आठवले. पण यजमान व दीर यांच्या फोनमध्येही त्या दिवसांतले काही नसावे, याचे आश्चर्य वाटले. फोटो काढायचे काम घरात माझ्यावर सोडलेले असते, हे त्याचे साधे कारण. कीर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, महिनाभराची पाने कोरी असलेली कोणत्याही हिशेबनिसाला चालत नाहीत. तेव्हा मी स्वयंपाकघरात गेले आणि भिंतीवरचे कालनिर्णय खिळ्यावरून उतरवले.

जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली सुरू केलेले हे कॅलेंडर आमच्याकडे तिथी-वार पाहण्यापुरते नसते, ती घराची रोजकीर्द असते. महिना संपला की पान फाडत नाहीत, मागे उलटतात, त्यामुळे वर्ष सरताना सगळे बारा महिने जागेवर असतात. तारखेच्या चौकटीत सासूबाई रोजच्या दुधाचा आकडा लिहितात, दूध घेतले नाही त्या दिवशी खाड्याची फुली मारतात. सिलिंडर लागला तो दिवस, धुणेवाली आली नाही तो दिवस, कोणाचे औषध सुरू झाले तो दिवस, सगळे तिथेच. त्यांचे वय ब्याऐंशी आहे आणि अक्षर मुंगीएवढे, परंतु आडवेतिडवे कधीच नाही.

रोजचा आकडा दीड लिटर. २७ जूनच्या चौकटीत मात्र त्याखाली "३ जादा" असे होते. एका शुक्रवारी आम्ही साडेचार लिटर दूध का घेतले असेल, हे घरात कोणालाच सांगता येईना. यजमानांनी सत्यनारायणाचा तर्क केला, दिरांनी वाढदिवसाचा. सासूबाई तेव्हा झोपल्या होत्या. त्या उठल्यावर मी विचारले, तर त्या क्षणभरही न थांबता म्हणाल्या, "अगं, वारीतल्या बायका नव्हत्या का आल्या?"

आणि एकदम सगळे उभे राहिले. माझी नणंद यंदा पहिल्यांदा आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर चालली होती. नीरा ओलांडून लोणंदपर्यंत ती पोचली आणि तिथे तिच्या टाचेला असे फोड आले की पुढे पाऊल टाकता येईना. दुसऱ्या दिवशी दीर तिला आणायला गेले, तेव्हा तिच्याबरोबर परभणीकडच्या दोघी जणी होत्या. त्यांतल्या एकीचा गुडघा सुजला होता आणि दुसरी तिला एकटी सोडायला तयार नव्हती. एका रात्रीसाठी तिघी साताऱ्याला आमच्याकडे राहिल्या. सासूबाईंनी वारकरी घरी आले म्हणून बासुंदी करायला लावली. ते तीन लिटर दूध मी स्वतः पातेल्याच्या कडेची साय मोडत तासभर आटवले होते आणि तरीही सहा महिन्यांत विसरले होते. जेवणानंतर तिघी मिठाच्या कोमट पाण्यात पाय बुडवून बसल्या, एका परातीत दोन-दोन पाय, कारण घरात तेवढ्याच पराती होत्या. त्यांतल्या एकीने गवळण म्हणायला घेतली. दुसऱ्या कडव्याला ती अडखळली, तेव्हा कोपऱ्यातल्या खाटेवरून सासूबाईंनी पुढची ओळ उचलली. माझ्या लग्नाला तीस वर्षे झाली. मी त्यांना आरतीपलीकडे काही म्हणताना ऐकले नव्हते. आवाज फाटत होता, पण चाल पक्की होती. गवळण संपल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "पाणी गार झालं असेल, बदला."

त्यानंतर मी कामाची दिशाच फिरवली. आधी कॅलेंडर वाचायचे, त्यातली नोंद कशाची ते शोधायचे आणि मग तिला आधार म्हणून छायाचित्र आहे का ते पाहायचे; म्हणजे आधी कीर्द, मग पावती. हीच रीत मी कचेरीत आयुष्यभर पाळली होती आणि घरी मात्र पावत्यांचा ढीग घेऊन बसले होते.

१७ मेच्या चौकटीत "गहू ४ कि." एवढीच नोंद होती. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवावे लागतात आणि त्यांचे पाणी रोज बदलावे लागते. मग ते वाटून, पिळून काढलेला चीक रात्रभर निवळू द्यायचा आणि वरचे पाणी ओतून तो शिजवायचा. आम्ही २१ तारखेला पहाटे चीक शिजवला आणि नऊच्या आत गच्चीवर प्लॅस्टिकच्या कागदावर शेवटची कुरडई घातली. दुपारी यवतेश्वराकडून आभाळ आले आणि वळवाचा म्हणावा असा पाऊस सुरू झाला, तो थांबेचना. यंदा पावसाला कसली घाई होती कोण जाणे. एरवी ११ जूनला मुंबईत पोचणारा मान्सून २६ मेलाच पोचला. आम्ही चौघांनी कागदाचे चार कोपरे धरून ओल्या कुरडया जिन्याने खाली आणल्या आणि जुन्या साड्या अंथरून पलंगावर, दिवाणावर, जेवणाच्या मेजावर पसरल्या. पंखे चार दिवस अखंड चालले. या प्रसंगाचे एक छायाचित्र माझ्याकडे निघाले: पलंगभर कुरडया, आणि कडेला खुर्चीत उशी पोटाशी धरून बसलेले यजमान, ज्यांना दुपारी आडवे व्हायला जागा उरली नव्हती. ते वहीच्या पहिल्या पानावर लावावे, असे मुलीने पाहताक्षणी सांगितले. कुरडया तळल्यावर फुलल्या, मात्र पांढऱ्या काही झाल्या नाहीत, आणि त्यांना किंचित आंबूस चव राहिली ती राहिलीच.

ऑगस्टमधल्या नोंदींनी मला माझ्या स्वतःच्या यंदाच्या कमाईकडे नेले. त्या महिन्यात माळ्यावर पाणी गळू लागले म्हणून पत्र्याची ट्रंक खाली काढली आणि तिच्या तळाशी आजेसासऱ्यांच्या कोरेगावच्या भुसारी दुकानाची एक लांबट चोपडी सापडली, शके १८५७ची, म्हणजे १९३५-३६ची. सगळी मोडीत. मी मोडीचा ऑनलाइन वर्ग लावला. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढून घेतात आणि तिच्याखाली अक्षरे लटकवत जातात. शब्द कुठे संपला ते सांगणारी जागा सोडलेली नसते, विरामचिन्ह नसते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. दहा आठवड्यांनी मला पहिले पान वाचता आले, आणि त्यालाही तीन संध्याकाळी गेल्या. त्यात गूळ, शेंगदाणे, मीठ यांच्या खाली घरखर्चाच्या सदरात लिहिले होते: दुध, आणि त्यापुढे दोन उभे दंड, म्हणजे अर्धा शेर. मला ते वाचून झालेला आनंद घरात कोणालाही समजावून सांगता आला नाही. पण कालनिर्णय घेऊन बसल्यावर पाहिले, तर सासूबाई दीड लिटर "१॥" असेच लिहितात. हा आकडा मी रोज पाहत होते. तो कुठून आला, हे विचारायचे कधी सुचले नाही. विचारल्यावर त्यांनी सांगितले की त्या लग्न होऊन आल्या, तेव्हा सासऱ्यांनी त्यांना शेजारी बसवून रोजचा खर्च लिहायला शिकवले होते, आणि लिहून झाल्याशिवाय रात्रीचे पान वाढायचे नाही, असा दंडक होता. त्या चोपडीच्या एका पानाची आणि कालनिर्णयाच्या एका चौकटीची प्रत मी वहीत शेजारी शेजारी लावली. निवडलेल्या साठांत या दोन प्रती मी मोजल्या नाहीत; नियम माझाच होता.

७ सप्टेंबरच्या चौकटीत दुधाच्या आकड्याशेजारी पेन्सिलीने "११.१० लाल" असे होते. ते मात्र मला लगेच उमगले. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होते. अकराच्या सुमारास चंद्र पूर्ण झाकला जाणार होता आणि तासाहून अधिक वेळ तसाच राहणार होता. सासूबाईंनी आयुष्यभर ग्रहण पाळले, म्हणजे वेध लागण्याआधी जेवण, दुधात तुळशीपत्र, आणि ग्रहणकाळात आत बसून जप. त्या रात्री आभाळ येत-जात होते. पुतण्याने वर येण्याचा हट्ट धरला, तेव्हा त्या जपमाळ हातात ठेवूनच दोन जिने चढल्या आणि गच्चीत खुर्चीवर बसल्या. ढग फाटले आणि जुन्या तांब्याच्या भांड्यासारखा चंद्र दिसला. पाच-सहा मिनिटे त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "एवढ्यासाठी आम्ही इतकी वर्षं आत बसायचो होय?" खाली आल्यावर त्यांनी अंघोळ मात्र केली. आमच्या तिन्ही फोनमध्ये त्या चंद्राची मिळून एकतीस छायाचित्रे निघाली आणि त्या प्रत्येकात काळ्या चौकोनात एक तपकिरी ठिपका आहे. वहीत मी ठिपका लावला नाही, "११.१० लाल" हे तीन शब्द कॅलेंडरवरून छापून लावले. आकड्यांना शब्द म्हणावे की नाही, यावर दिरांनी उगाच वाद घातला.

दिवाळीच्या किल्ल्याबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्याची छायाचित्रे भरपूर आहेत आणि ती चांगली आहेत. जुलैमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात मराठ्यांचे बारा किल्ले आले, अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. तेव्हापासून मोठ्या पुतण्याने सिंधुदुर्ग करायचे ठरवले होते आणि धाकट्याला आपल्या जिल्ह्यातला म्हणून प्रतापगड हवा होता. सिंधुदुर्ग झाला. समुद्रासाठी खड्ड्यात घातलेला कागद फाटका निघाल्याने लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळपर्यंत समुद्र तीनदा आटला आणि आजूबाजूचा झेंडू मात्र उत्तम पोसला. महाराजांच्या हाताचा व पायाचा ठसा त्या किल्ल्यावर आहे, हे ऐकून धाकट्याने चिखलात स्वतःचा पंजा उमटवला. मी निवडले ते छायाचित्र किल्ल्याचे नाही, त्या पंजाचे.

वही बांधायला जुन्या पद्धतीची लाल कापडी चोपडी मिळाली. छायाचित्रे मात्र दोनदा छापावी लागली, कारण पहिल्या वेळी छापणाऱ्याने सगळी एकाच मापात बसवताना निम्म्या लोकांची डोकी उडवली होती, सासूबाईंचे तर प्रत्येक पानावर. दुसऱ्या छपाईनंतर डाव्या पानावर तारीख व कॅलेंडरवरची नोंद, उजव्या पानावर असेल तर छायाचित्र, अशी मांडणी केली. जूनमधली उजवी पाने कोरी ठेवली. मुलगी म्हणाली की तिथे एखादे चित्र तरी काढा. मी ते मान्य केले नाही. १७ जानेवारीला चोपडी कुरियरने रवाना केली.

वर्षभरातल्या नोंदींपैकी एक अखेरपर्यंत लागली नाही. ११ ऑगस्टच्या चौकटीत, सासूबाईंच्याच अक्षरात, "छत्री परत द्यायची". कोणाची, ते त्यांनाही आठवत नाही. हिशेबात अशा रकमेला आम्ही उचंत खात्यात टाकतो, म्हणून चोपडीच्या शेवटच्या पानावर मी उचंत असे लिहून ती एकच नोंद ठेवली. लाकडी मुठीची काळी छत्री दारामागे आहे, आमच्यापैकी कोणाचीही नाही, आणि १ जानेवारीला नवे कालनिर्णय लावल्यावर सासूबाईंनी पहिल्या चौकटीत "१॥" लिहून त्याखाली "छत्री" असे पुन्हा लिहिले आहे.