सहा आठवडे

आज टोर्सहाव्नहून, म्हणजे फेरो बेटांच्या राजधानीतून, बसने किर्क्युबोवुर गावाला गेले. छत्री उलटीपालटी करणारा वारा. समोर काळं लाकडी घर, लाल खिडक्या, छपरावर चक्क गवत! हे योआन्नेस पॅतुर्सनचं घर. तोच वंश १७ पिढ्या इथे नांदतोय.

हा शेतकरी, कवी आणि डेन्मार्कच्या ताब्यातल्या फेरो बेटांच्या स्वराज्याचा पुढारी. १८८८च्या नाताळात फेरोई भाषा वाचवायला सभा भरली, तिथे त्याची कविता वाचली गेली. वाचली मात्र दुसऱ्याने. तेव्हा हा अवघा २२ वर्षांचा! पुढे १९०६मध्ये स्वराज्य पक्ष काढला, मग आयुष्यभर डेन्मार्कशी भांडण.

१४ सप्टेंबर १९४६ला सार्वमत झालं. स्वातंत्र्याच्या बाजूने जेमतेम दीडशेच्या वर मतं जास्त, आणि बाद मतं त्याहून कितीतरी अधिक. डेन्मार्कच्या राजाने फेरोची संसदच बरखास्त केली. नव्या निवडणुकीत डेन्मार्कसोबतच राहू म्हणणारे जिंकले, आणि १९४८ला मिळालं ते फक्त अंतर्गत स्वराज्य.

योआन्नेस मात्र २ ऑगस्टलाच गेला होता. सहा आठवडे आधी. मला तेच लागून राहिलंय. बस चुकली ती त्यामुळेच. आता थांब्यावर कुडकुडत हे टाइप करतेय, बाजूला एक ओलीचिंब मेंढी.