कुत्रा का चालत नाही? (तुम्ही विचारलंत म्हणून)

"पट्टा बांधून आणला तरी नाही?"

दिवे घाट चढून पुरंदरात आमच्या सामायिक शेतावर चालायला येणारे, वाटांवर कुत्र्यांना मनाई असल्याची पाटी बघून हे विचारतातच. कोथरूडकर तर हमखास. वर "आमचा ब्रूनो कुणाच्या अध्यात ना मध्यात." असेलही. पण प्रश्न ब्रूनोच्या स्वभावाचा नाही.

पड ठेवलेल्या माळावर मार्चपासून टिटव्या अंडी घालतात. घरटं म्हणजे जमिनीत उकरलेला वाटीएवढा खळगा, कडेने खडे, लेंड्या. आत बहुधा चार अंडी, मातीच्याच रंगाची. मे महिन्यात टिटवी अंड्यांवर बसते ती ऊब द्यायला कमी, सावली धरायला जास्त. पोटाची पिसं भिजवून येते.

अशाच एका मेमध्ये माझी मावसबहीण सहकुटुंब आली. कुत्रा पट्ट्यात, शहाण्यासारखा. हिवराची सावली बघून मंडळी बसली, भेळ कालवली. टिटव्या डोक्यावर कोकलत होत्या. "अपशकुनी मेली," मेहुणे म्हणाले. एक टिटवी समोर उतरून पंख मोडल्यागत फरफटत गेली. मुलांनी व्हिडिओ काढला. अंडी तिथून वीसेक पावलांवर, रणरणत्या उन्हात उघडी. वरच्या बांधावरून ओरडा ऐकून मी धावत गेले. सगळ्यांना उठवलं, खळग्यापाशी बसले. खड्यांना हात लावला तर चटका बसला. संध्याकाळी जोडी परत बसली. दिवस भरले, उलटून गेले, तरी ती दोघं आळीपाळीने बसतच राहिली. एकही अंडं फुटलं नाही.

त्या दुपारीमुळेच, असं छातीठोकपणे नाही सांगता येत. आणि भेळ माणसांनीच खाल्ली, मान्य. पण सिडनीजवळच्या पायवाटांवरचा 2007 चा अभ्यास आहे: पट्ट्यातलं कुत्रं गेलं की पक्ष्यांची संख्या 41 टक्क्यांनी घटली, नुसती माणसं गेली तर परिणाम त्याच्या निम्म्याहूनही कमी.

"मग धनगरांची कुत्री चालतात?" चालतात. त्यांची वाट आमच्या सातबाऱ्याच्या आधीची. गावातली मोकाट कुत्रीही येतात, त्यांना पाटी वाचता येत नाही. उत्तर लंगडं आहे, ठाऊक आहे मला.

वाटा खुल्या केल्या तेव्हा मीच भागीदारांशी भांडायचे, की माणसं येऊ देत, पोराकुत्र्यांसकट. जिथे कुणाचा जीव गुंतत नाही, तिथे प्लॉटिंगचे खांब रोवले जातात. विमानतळाची चर्चा सुरू झाल्यापासून आसपास काय चाललंय ते बघा. ते म्हणणं मी आजही मागे घेत नाही. कुत्रेवाले तर सगळ्यांत नेमाने यायचे, वणव्याआधी जाळरेषा काढायला विळे घेऊन हजर असायचे. आता त्यातले बरेच फिरकत नाहीत.

नोव्हेंबर ते जानेवारी ओढ्याकाठची वाट कुत्र्यांना खुली करावी, असा प्रस्ताव भागीदारांपुढे आहे. मी विरोधात मत दिलंय. मांडलाय मावसबहिणीने. तिचाही हिस्सा आहे.