क्वाड्रँगलमधल्या जानेवारीच्या रात्री

जानेवारी लागला की मला अजून धोबीतलावची आठवण येते. नव्वदच्या दशकात मी झेवियर्सला होते आणि आमच्या कॉलेजात इंडियन म्युझिक ग्रुप नावाचं एक मंडळ आहे, 1973 पासूनचं, सगळे आयएमजीच म्हणतात. त्यांचा दरवर्षी जानेवारीत जॅनफेस्ट असतो, म्हणजे शास्त्रीय संगीताच्या मैफली, आणि त्या हॉलमध्ये नाही तर कॉलेजच्या मधल्या दगडी चौकात, म्हणजे क्वाड्रँगलमध्ये, उघड्या आभाळाखाली.

मी पहिल्या वर्षी वॉलंटियर झाले ती खरं सांगायचं तर मैत्रिणीच्या नादानं. काम काय, तर दुपारपासून सतरंज्या आणि गाद्या टाकायच्या, चादरी ताणून घ्यायच्या, चपला नीट ठेवायला लावायच्या आणि कलाकारांना गरम पाणी नेऊन द्यायचं. पाणी द्यायला एका वर्गात गेले तर तिथं बेंच बाजूला सरकवून तानपुरे लावणं चाललेलं. वाजवणाऱ्या बाईंनी घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली एक साधा सुती दोरा घातला आणि तो नखानं अगदी केसभर सरकवला, आणि त्या क्षणी ती तार जी काय बोलायला लागली ना, सगळा वर्ग भरून गेला. तारेच्या त्या भरलेल्या, गुंजणाऱ्या नादाला जवारी म्हणतात, हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. तांब्या हातात धरून दहा मिनिटं तशीच उभी होते, बाहेरून हाका मारत होते तरी.

रात्रभर मैफल चालायची तेव्हा. घरून परवानगी मिळायची कारण मामा यायचा, गिरगावातून चालत, मफलर गुंडाळून. रात्रभर बसण्याचं महत्त्व मला तेव्हा कळलं नव्हतं, आता कळतं. आपल्याकडे रागाला वेळ असते, हे पुस्तकात वाचून समजत नाही. मध्यरात्रीनंतर अंगावर शाल ओढून दरबारी ऐकायचा, त्यातला तो आंदोलित, म्हणजे हळू झुलणारा गंधार, मग मालकंस, मग डोळे मिटायला लागतात, कोणाच्या तरी खांद्यावर डोकं जातं, आणि जाग येते तेव्हा ललित सुरू असतो, दोन्ही मध्यम, शुद्ध आणि तीव्र, लागोपाठ लागतात, आभाळ जरासं फिकं झालेलं असतं आणि झाडांवर कावळे ओरडायला लागलेले असतात. सगळ्यात शेवटी भैरवी. ललित ऐकताना मला अजूनही अंगावर तो गारठा येतो, घरात पंखा चालू असला तरी.

मग सगळे वॉलंटियर कयानी या इराणी हॉटेलात. ब्रून मस्का, म्हणजे कडक पाव आणि लोणी, आणि चहा. मामा तिथं जॅझवर बोलायचा, कारण मामाचं दुसरं प्रेम जॅझ होतं, आणि त्याचं देऊळ आमच्या कॉलेजच्या अगदी शेजारी, रंगभवन हे खुलं नाट्यगृह. 1978 ला निरंजन झवेरींनी तिथं पहिली जॅझ यात्रा, म्हणजे जॅझचा महोत्सव, भरवली त्याला मामा गेलेला. अमेरिकन सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स वाजवायला आले होते. तेच रोलिन्स त्याच्या दहाएक वर्षं आधी सॅक्सोफोन बाजूला ठेवून पवईच्या आश्रमात काही महिने राहून गेले होते, हे मामा प्रत्येक वेळी सांगायचा आणि आम्ही प्रत्येक वेळी नव्यानं ऐकायचो.

मला जॅझ म्हणजे नुसता गोंधळ वाटायचा. मामानं मला एकदा रंगभवनात शेजारी बसवून मांडीवर टाळी देऊन दाखवलं की हे बघ, 32 बारचं एक आवर्तन समज, आधी मुखडा सगळ्यांनी मिळून वाजवला, आता तो सॅक्सोफोनवाला एकटा फिरायला निघालाय, पण आवर्तन सुटलेलं नाही, ड्रमर बघ कसा धरून बसलाय, आणि आता येणार बघ, आता येणार, आणि खरंच सगळे एकदम मुखड्यावर आले आणि माझ्या तोंडून आपोआप वाह गेलं, जसं समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, जातं तसं. त्या दिवसापासून मला दोन्ही ऐकू येतं.

आणि हे दोन्ही एकत्र नांदणं शहरात आधीपासून होतंच की. आल्दोनाचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, रात्री ट्रंपेट वाजवायचे आणि आपल्या सी. रामचंद्रांचे सहाय्यकही होते. तबलानवाज झाकीर हुसेन, आमचे झाकीरभाई, आमच्याच कॉलेजचे, ते गिटारवादक जॉन मॅकलॉफलिनबरोबर शक्ती या बँडमध्ये वाजवायचे आणि इकडे ख्याल गायकामागे तितकीच मन लावून संगत करायचे. 2024 च्या फेब्रुवारीत त्यांना एका रात्रीत तीन ग्रॅमी मिळाले तेव्हा आमच्या जुन्या वॉलंटियर ग्रुपवर दिवसभर मेसेज चालू होते, आणि त्याच डिसेंबरात ते गेले तेव्हा मात्र कोणी काहीच लिहिलं नाही, नुसते त्यांच्या वादनाचे तुकडे पाठवत राहिले.

पुढे आवाजाचे नियम आले, रात्री दहाला माइक बंद, आणि हॉस्पिटल, कॉलेज सगळं जवळ असल्यामुळे रंगभवन तर बंदच पडलं. नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही, हॉस्पिटलमधल्या पेशंटला झोप हवीच. पण उघड्यावर रात्रीचा दरबारी गेला आणि त्याच्यामागून हळूहळू येणारा ललित गेला, याचं वाईट वाटतं ते वाटतंच.

मागे लेकीला घेऊन जॅनफेस्टला गेले होते. गाद्यांवर पुढेच बसलो. दहाच्या आत सगळं आटोपलं, ती म्हणाली, आई एवढ्यात संपलं? मग मरीन लाइन्सपर्यंत चालताना तिला मांडीवर नाही पण तिच्या तळहातावर टाळी देऊन झपताल शिकवला, दोन तीन दोन तीन, आणि लोकल येईपर्यंत ती प्लॅटफॉर्मवर तोच मोजत होती.