‘बेगमी’ नावाचं पान

‘स्ले द स्पायर’ मी आता स्वतः बनवलेल्या पानांसह खेळतो. पत्त्यांसारखी पानं टाकून लढायचा, मेगाक्रिट कंपनीचा हा कॉम्प्युटर गेम 2019 च्या जानेवारीत पूर्ण स्वरूपात आला. तो जावा या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला आहे. नवीन पानं घालायला चाहत्यांची दोन साधनं लागतात: मॉडदस्पायर खेळ सुरू होताना आपला कोड आत घेतं, बेसमॉड नवीन पान नोंदवायची सोय करून देतं. ही जुळवाजुळव एकदाच करायची. मग प्रत्येक पानासाठी एक क्लास, म्हणजे त्या पानाचा कोड, लिहायचा: किंमत, प्रकार, अपग्रेडनंतर काय बदलणार, आणि पान टाकल्यावर काय घडणार ते ‘यूज’ या मेथडमध्ये, म्हणजे क्लासमधल्या ठरावीक कामाच्या भागात.

माझं सगळ्यात लाडकं पान म्हणजे ‘बेगमी’, आयर्नक्लॅड या खेळातल्या योद्ध्यासाठी केलेलं. एक एनर्जी (पानं टाकायला लागणारी शक्ती) खर्च करा, दोन पानं उचला, मग हातात जितकी पानं असतील तितका ब्लॉक (शत्रूचा मार अडवणारी ढाल) घ्या.

वाचायला दोन ओळी, पण खरी गंमत त्या ‘मग’मध्ये आहे. ‘यूज’मध्ये आपण पान उचलायला सांगतो तेव्हा ते लगेच उचललं जात नाही. ती कृती रांगेत जाऊन उभी राहते आणि कोड पुढे सरकतो. त्याच्या पुढच्याच ओळीत हातातली पानं मोजली, तर नवीन दोन अजून आलेली नसतात आणि टाकलेली ‘बेगमी’ मात्र अजून हातातच धरलेली असते. पाच पानांच्या हातात उत्तर पाच येतं, हवं असतं सहा. म्हणून मोजणीसाठी वेगळी अ‍ॅक्शन लिहायची आणि ती उचलण्याच्या मागे रांगेत लावायची. तिचा नंबर येतो तेव्हा ‘अपडेट’ चालतं, त्या क्षणाचा हात मोजला जातो, ब्लॉक मिळतो. शेवटी ‘इजडन’ ट्रू करायचं, म्हणजे काम संपल्याची खूण करायची, नाहीतर रांग तिथेच अडते आणि लढाई पुढे जातच नाही. ही रांग समजली की या खेळातली निम्मी पानं कशी चालतात ते आपोआप उलगडतं. मला तरी तिथेच या कामाची गोडी लागली.

कोडपेक्षा जास्त विचार मी आकड्याचा केला. दर पानामागे दोन ब्लॉक दिले तर पहिल्याच चालीत बारा होतात. ‘डिफेंड’ हे बचावाचं साधं पान त्याच एका एनर्जीत पाच देतं, म्हणजे हे पान बाकीच्यांना खाऊन टाकणार. दर पानामागे एक ठेवल्यावर सहा ब्लॉक आणि दोन पानं. आयर्नक्लॅडचं ‘श्रग इट ऑफ’ आठ ब्लॉक आणि एक पान देतं, त्याच्या शेजारी हे शोभतं. शिवाय हेच पान हात रिकामा झाल्यावर शेवटी टाकलं तर ब्लॉक फक्त दोन. म्हणजे आधी टाकायचं की हल्ला करून मग, हा प्रश्न खेळणाऱ्यापुढे प्रत्येक वेळी उभा राहतो. मला नेमकं हेच हवं होतं! अपग्रेडला दोनाऐवजी तीन पानं, बस.

एक शंका उरली होती ती ‘रूनिक पिरॅमिड’ची. त्या रेलिकमुळे (खेळभर सोबत राहणाऱ्या खास वस्तूमुळे) पाळी संपली तरी हातातली पानं जात नाहीत, हात फुगतच राहतो. पण खेळाच्या नियमानं हातात दहाच्या वर पानं मावत नाहीत, त्यामुळे ‘बेगमी’चा ब्लॉकही दहावर थांबतो. अपग्रेड केलेलं ‘श्रग इट ऑफ’ अकरा देतं. वरची मर्यादा कोडमध्ये वेगळी घालावी लागली नाही.