चौदा नंबरची चौकट

लग्नाच्या शूटिंगमध्ये माझी वीस वर्षं गेली. तिथं स्टोरीबोर्ड, म्हणजे शॉटची आधी काढलेली चित्रं, कुणी काढत नाही, भटजी सरकले की आपण सरकायचं. म्हणून एप्रिलमध्ये कॉलेजची चार पोरं कॅमेरा भाड्यानं मागायला आली आणि त्यांनी टेबलावर चित्रांची चळत ठेवली, तेव्हा मला जरा हेवाच वाटला. सोलापूरच्या पूर्वभागातल्या यंत्रमागावर काम करणारा बाप आणि पुण्याला नोकरीला निघालेली त्याची मुलगी, अशी बारा मिनिटांची फिल्म. कारखान्यातल्या एकाच प्रसंगाच्या बत्तीस चौकटी. प्रत्येकीखाली शॉट नंबर आणि लेन्स. पात्र हलणार असेल तर चौकटीत बारीक बाण, कॅमेरा हलणार असेल तर बाहेर जाड बाण.

"कारखाना बघून आलाय का?"

"यूट्यूबवर बघितलाय, सर."

मालकानं आठ ते दोन एवढाच वेळ दिला होता. म्हणजे शॉटला सव्वाअकरा मिनिटं. ट्रायपॉड हलवून लाइट लावेपर्यंतच वीस जातात. निम्मे शॉट काढून टाका म्हटलं, तर दिग्दर्शक पोरगी ऐकेना. मीही ताणलं नाही. भाडं सुटत होतं.

पत्र्याचं छप्पर, खाली माग धडधडतायत, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. पोरांनी बाप-लेकीला चांगले बारा संवाद लिहिलेले! चौदा नंबरची चौकट म्हणजे त्यांच्या फिल्मचा जीव: मागाच्या मागून, उभ्या धाग्यांच्या पडद्यातून बापाचा चेहरा. आम्ही मागे जाऊन बघितलं, तर जॅकार्डच्या, म्हणजे मागावर बसवलेल्या नक्षीच्या यंत्राच्या, शेकडो दोऱ्या वरून खाली आलेल्या, त्यांच्या पलीकडं फणी. चेहरा सोडा, टोपीसुद्धा दिसेना. दोन मागांमधल्या बोळात ट्रायपॉडचे पाय उघडेनात. त्यातून दार निघालं डाव्या हाताला. बोर्डात मुलगी उजवीकडून येते, बाप उजवीकडं बघतो. पलीकडून शूट करावं तर भिंत.

तिथले एक वयस्कर विणकर मामा कागद चाळत होते. चादरीवरचा मोर आधी आलेखाच्या कागदावर चौकोन भरून काढतात, मग त्यावरून भोकं पाडून पंचकार्डं करतात. एका कार्डात एका आडव्या धाग्याचा हिशेब. त्यांना हे तसलंच काहीतरी वाटलं असावं. "एका चित्राला एक कार्ड का?" त्यांनी माझ्या कानाशी ओरडून विचारलं. मग बाप-लेक बोलतायत त्या चौकटीवर बोट ठेवून मान हलवली. लांबच्या एका पोराकडं बघून दोन बोटं कात्रीसारखी हलवली, हनुवटी वर केली. पोरगा कात्री घेऊन आला. एवढंच. मागावर असंच बोलतात.

सव्वादहाला लाइट गेली.

सगळे माग एकदम थांबले. कानात नुसतं गुणगुणत राहिलं. पोरं डोक्याला हात लावून बसली. दिग्दर्शक पोरगी मात्र चळत घेऊन दारात गेली आणि एकेक कागद उलटा धरून उन्हासमोर बघायला लागली. पेन्सिलीच्या रेषा पाठीमागून उमटत होत्या, डावं उजवीकडं गेलेलं. मी वीस वर्षांत असलं काही केलं नव्हतं. तिनं पाठकोऱ्या बाजूनं रेषा गिरवल्या. ज्या कागदांवर गिरवल्या नाहीत ते शॉट गेले. नऊ उरले. बारा संवादांच्या जागी मामांची खूण, आणि चौदा नंबर बाजूनं: गाल, कान, धाग्यावर टेकलेलं बोट. लाइट नसतानाच्या त्या पाऊण तासात मी त्यांना एवढंच सांगितलं, की ट्यूबखाली शटर एक-पन्नासांश ठेवा. आपली वीज पन्नास हर्ट्झची, नाहीतर पडद्यावर पट्टे पळतील.

लाइट आली. दोनला दहा कमी असताना चौदा नंबर झाला. झरोक्यातल्या उन्हाच्या तिरप्या पट्ट्यात कापसाचे कण तरंगत होते, त्यामागं बापाचा कान. आम्ही खूश. मामांना स्क्रीन दाखवली. त्यांनी डोळे बारीक करून बघितलं, खांद्यावरच्या पंच्यानं स्क्रीन पुसली, परत बघितलं.

"धूळ लई दिसतीया," ते म्हणाले. "आधी सांगायचं की, झाडून घेतलं असतं."