आमची वाटचाल : अंबडच्या गाळ्यातलं गिअर फाउंडेशन

सुरुवातीला नाशिकच्या अंबड एमआयडीसीत जीप-ट्रॅक्टरची रबरी फाउंडेशनं, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स ज्यांवर टेकतात ते धक्के शोषणारे टेकू, जॉबवर्कवर करायचो. गिअरबॉक्सखालचं ते गिअर फाउंडेशन. पुढे पोरं गाड्यांची ताकद वाढवायला लागली, तसे पॉलियुरेथेन या रबरासारख्या पण जास्त कडक मालाकडे वळलो. मधली बरी वर्षं लिहिण्यासारखी नाहीत. माल जात होता, पैसे येत होते. लिहायचं आहे ते एका पावसाळ्याबद्दल.

शहरातल्या एका दुकानाने आमचा ७० शोअरचा (शोअर म्हणजे कडकपणाचं माप, आकडा मोठा तसा नग कडक) गिअर फाउंडेशनचा नग नमुना म्हणून नेला आणि बाहेरून तसाच, पण ९५ शोअरचा ओतून घेतला. वर 'रेसिंग'चं स्टिकर, किंमत निम्मी. गिऱ्हाइकांनी इंजिनची कंपनीची मऊ फाउंडेशनं तशीच ठेवून तो गिअरबॉक्सखाली बसवला. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र कसलेले असतात, पुढे दोन टेकू, मागे एक. ॲक्सिलेटर दाबला की इंजिन कुशीवर वळू बघतं. पुढचं मऊ आणि मागचं दगडासारखं असेल तर तो सगळा पीळ गिअरबॉक्सच्या शेपटीच्या, म्हणजे मागच्या टोकाच्या, कानावर जातो; फाउंडेशन बोल्टने कसतात ती जागा. ॲल्युमिनियमचं ओतकाम वाकत नाही, तडकतं. नग दिसायला आमच्यासारखाच, त्यामुळे शिव्या आम्हाला बसल्या.

आमचीही चूक त्याच पावसाळ्यात झाली, तीही सांगतो. प्रीपॉलिमरचा, म्हणजे पॉलियुरेथेन ओतायच्या कच्च्या मालाचा, ड्रम रात्रभर उघडा राहिला. ओल लागली की त्यात कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे धरतात. आडगावच्या गॅरेजवाल्या मामांनी नग हॅक्सॉने मधोमध कापून समोर ठेवला. "हे बघ, जाळी पडलीय." सगळी बॅच भंगारात गेली, बँकेचे दोन हप्ते थकले. मामांनी मात्र पुढची ऑर्डर आगाऊ पैसे देऊन दिली. तेव्हापासून ड्रम उघडला की वर कोरडा नायट्रोजन सोडूनच बंद करतो, ओतण्याआधी मालातली हवा काढायला फेस बसेपर्यंत व्हॅक्यूम मारतो, साचा १०० अंशांवर तापवतो. नगातली लोखंडी स्लीव्ह (नळी) शॉटब्लास्टने खरखरीत करून माल चिकटायला प्रायमर लावतो आणि त्यावर बोटही टेकू देत नाही. ओतल्यावर १०० अंशांवरच १६ तास भट्टी. बाहेरून चकचकीत पण आत बंध न धरलेला नग हाताला कळत नाही, कापल्यावरच कळतो.

आता कोणी विचारलं नाही तरी सांगतो. आधी इंजिनची फाउंडेशनं ठरवा, गिअरची त्यांच्याइतकीच किंवा एक पायरी मऊ घ्या. मूळ रबर साधारण ५० ते ६० शोअर असतं. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीला ७०-७५ पुरे. ट्रॅकवर नेत असाल तर ८५. सॉलिड, म्हणजे मऊ माल नसलेलं नुसतं धातूचं, फक्त ड्रॅग रेससाठी, तेही इंजिनची सॉलिड असतील तरच. चार सिलिंडरचं इंजिन ८०० आरपीएमवर सेकंदाला साधारण २७ धक्के देतं. कडक फाउंडेशनवर ते सगळे सीटमध्ये येतात, एसी लावला की आणखी जाणवतात. घरचे गाडीत बसत असतील तर आधी त्यांना विचारा.

उंची कुणी मोजत नाही. जुनं रबर दबलेलं असतं, नवीन कडक नग तेवढा दबत नाही, म्हणून शेपूट काही मिलिमीटर वर उचलली जाते. गिअरबॉक्सचा कोन आणि मागच्या पिनियनचा (मागच्या ॲक्सलमध्ये शाफ्ट जोडतो त्या टोकाचा) कोन अँगल गेजने मोजा. दोन्ही समांतर हवेत, आणि शाफ्टच्या क्रॉसवर (दोन्ही टोकांच्या वाकणाऱ्या सांध्यावर) १ ते ३ अंश असले पाहिजेत. नसतील तर वेग धरला की शाफ्ट थरथरतो आणि लोक टायर बॅलन्सिंगला पळतात. त्यापेक्षा शिम (पातळ पत्र्याची चकती) टाका.

बसवताना जॅक ऑइल पॅनखाली लावू नका. गिअरबॉक्सखाली लाकडी फळी ठेवून उचला. सगळे बोल्ट आधी सैल ठेवा, वजन खाली सोडा, इंजिन थोडा वेळ चालू ठेवा, मगच कसा. टॉर्क गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे. ५०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासा. सायलेन्सरचा पाइप जवळून जात असेल तर मधे पत्र्याचा आडोसा लावा, पॉलियुरेथेन तापलं की नरम पडतं. आणि दोन लोखंडी भाग एकमेकांत अडकलेलेच नग घ्या, म्हणजे मधला माल फाटला तरी गिअरबॉक्स खाली येत नाही.

त्या दुकानात आजही ९५ शोअरचाच नग मिळतो. गिअरबॉक्सचं हौसिंग (बाहेरचं कवच) तडकलं की गिऱ्हाईक आमच्या गाळ्यावर येतं, हातात बिल मात्र त्यांचं.