तुम्ही विचारलंत म्हणून: चीनमध्ये जार खरंच वाजवत होता का?

१९८१च्या ऑक्टोबरात फ्रेंच इलेक्ट्रॉनिक संगीतकार ज्याँ-मिशेल जारने बीजिंगमध्ये दोन आणि शांघायमध्ये तीन मैफली केल्या. त्यांचा विषय निघाला की हा प्रश्न ठरलेला: सगळं टेपवर असेल ना, नुसती बटणंच दाबायची?

काही सुरावटी सीक्वेन्सर, म्हणजे आधी भरून ठेवलेले सूर आपोआप वाजवणारं यंत्र, चालवत होता, हे खरंच. पण त्या काळी तो नीट चालवणं हेच अर्धं वादन होतं. मिडी, म्हणजे वाद्यं एकमेकांना जोडायची सामायिक डिजिटल पद्धत, आली १९८३मध्ये. त्याआधी यंत्रं एकमेकांना जोडायची ती व्होल्टेजने. एका तारेतून सुराची उंची, दुसरीतून सूर सुरू-बंद करण्याचा इशारा. बहुतेक सिंथेसायझरांत एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक चढतो, म्हणजे सप्तकातल्या बारा स्वरांपैकी शेजारच्या दोन स्वरांत जेमतेम ८३ मिलिव्होल्टचं अंतर. दहा मिलिव्होल्ट इकडेतिकडे झाले तरी तयार कानाला खटकतं. त्यात ऑसिलेटर, म्हणजे सूर निर्माण करणारा भाग, तापला की सूर सरकतो. म्हणून यंत्रं तासभर आधी सुरू करून लावायची आणि प्रेक्षक भरले, दिवे तापले की पुन्हा तपासायची. ईएमएस कंपनीचा व्हीसीएस-३ सिंथेसायझर तर याबाबतीत बदनामच.

विजेचं दुखणं वेगळं. फ्रान्स काय, चीन काय, तेव्हा दोन्हीकडे २२० व्होल्ट, ५० हर्ट्झ. अडचण असते ती भाराची. मंचावरच्या रोषणाईचे तेव्हाचे मोठे आर्गॉन लेझर काही वॅट प्रकाशासाठी कित्येक किलोवॅट वीज खात. दिवे आणि वाद्यं एकाच फेजवर टाकली, तर व्होल्टेज पडताच फेअरलाइटसारखं संगणकी वाद्य बंद पडू शकतं. मग आठ इंची फ्लॉपीवरून आवाज पुन्हा भरत बसा!

लेझर हार्प, म्हणजे तारांऐवजी लेझर किरण असलेलं वाद्य, जारने या दौऱ्यात पहिल्यांदा मंचावर आणली. कल्पना फ्रेंच संगीतकार बर्नार शायनरची. हाताने किरण अडवला की प्रकाश-संवेदकाला ते कळतं आणि सिंथेसायझरला इशारा जातो. किरणाला स्वतःचा आवाज नाही. किरण दिसायला मात्र धूर हवाच.

सोबतीला दोमिनिक पेरिए आणि फ्रेडेरिक रूसो सिंथेसायझरवर, रोजे रिझितेली तालवाद्यांवर. शिवाय एका पारंपरिक चिनी धुनेवरच्या रचनेत बीजिंगच्या संगीत विद्यालयाचा वाद्यवृंद होता. चिनी वाद्यांच्या अशा ताफ्यासमोर टेप किंवा सीक्वेन्सर हटवादी ठरतो. वादक थोडे रेंगाळले तरी तो थांबत नाही.

एक मात्र ध्यानात ठेवा. या मैफलींच्या १९८२च्या दुहेरी अल्बमवरून मैफलीचा निवाडा करू नका. त्यातलं ‘सुव्हनिर ऑफ चायना’ स्टुडिओत बनलेलं आहे.